वीस मिनिटांत ऑइल चेंज करून घेताय? मग या चुका टाळा

सोमवारी गॅरेजचं शटर वर केलं की पहिली गाडी बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. शनिवार-रविवारी कुठल्यातरी झटपट सर्व्हिसच्या दुकानात ऑइल बदललेलं असतं आणि आता खालून ठिबकत असतं, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "परवाच तर सर्व्हिसिंग केलं हो!"

अशा दुकानांवर माझा सरसकट राग नाही. काही ठिकाणी मुलं मन लावून, स्वच्छ काम करतात. ऑइल आणि फिल्टर बदलणं हे कामही अर्ध्या तासाचंच आहे. पण त्यातली शेवटची दहा मिनिटं बघण्याची असतात. इंजिन चालू करायचं, खाली वाकायचं, बॅटरीच्या उजेडात फिल्टर आणि खालचा, ऑइल सोडायचा नट पाहायचा, इंजिन बंद करून थांबायचं, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढायची. बाहेर चार गाड्यांची रांग लागली आणि गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं की हीच दहा मिनिटं कापली जातात. ती कापायला लावणाऱ्यांत दुकानदाराइतकंच गिऱ्हाईकही असतं, हे मी रोज बघतो.

जुना गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहणं

सगळ्यात जास्त चीड मला या चुकीची येते, कारण ती टाळायला फक्त एक नजर आणि एक बोट लागतं.

बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांना डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर असतो. त्याच्या तोंडाशी रबराची गोल रिंग असते, तोच गॅस्केट. गरम-थंड होऊन ही रिंग कधी कधी इंजिनाच्या बाजूला चिकटते आणि जुना फिल्टर तिच्याशिवायच हातात येतो. मेकॅनिकने तिकडे पाहिलं नाही, तर नवा फिल्टर स्वतःची रिंग घेऊन त्या जुन्या रिंगवर बसतो. दोन रिंगा एकमेकींवर. गाडी चालू केली तर बहुतेक वेळा थेंबही पडत नाही, कारण इंजिन आयडलवर असताना ऑइलचं प्रेशर कमी असतं. रेस वाढली, प्रेशर वाढलं की वरची रिंग सरकते आणि तीन लिटर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर सांडतं.

माझ्याकडे अशी एक हॅचबॅक क्रेनवर आली होती. घरचे सगळे पुण्याहून वाईला निघाले होते. आदल्या संध्याकाळी एका झटपट दुकानात ऑइल बदललेलं. सकाळी पार्किंगमधून गाडी काढली तेव्हा खाली तळहाताएवढा डाग पडला होता, पण तो वॉचमनला दिसला गाडी गेल्यानंतर. शिरवळपर्यंत सगळं ठीक. खंबाटकी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं आणि ऑइलचा लाल दिवा लागला. चालवणाऱ्याला तो दिसला. मागून काका म्हणाले, "ऑइल थोडं कमी असेल, घाट संपला की पंपावर टाकू." घाट संपला, पण त्याआधी इंजिन ठोकायला लागलं होतं.

मी फिल्टर खोलला तेव्हा दोन्ही रिंगा हातात आल्या, वरची एका बाजूने बाहेर आलेली. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइल साठण्याची टाकी, उघडला तर बेअरिंगचे पातळ पत्रे आणि चमचमती धूळ. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) लेथवर पाठवावा लागला, हाफ इंजिनचं म्हणजे इंजिनाच्या खालच्या अर्ध्या भागाचं काम निघालं आणि बिल पन्नास हजारांच्या वर गेलं. दुकानदार म्हणाला, "दिवा लागल्यावर गाडी का चालवली?" त्याचा मुद्दा खरा होता. मालक म्हणाले, "दिवा लागलाच का?" त्यांचाही खरा होता. पण मालकांकडे पक्कं बिल नव्हतं, चिठ्ठीवर नुसता आकडा होता. त्यामुळे त्यांना एक रुपयाही मिळाला नाही.

माझी सवय सांगतो. फिल्टर काढला की मी तो उलटा करून रिंग आहे की नाही ते बघतो आणि इंजिनाच्या बाजूची जागा फडक्याने पुसून तिच्यावरून बोट फिरवतो. नव्या रिंगला नवं ऑइल चोपडतो, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवतो आणि मग हातानेच पाऊण फेरा. पाना लावून फिल्टर आवळणारा मुलगा माझ्याकडे टिकत नाही. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून एवढंच करा: "जुना फिल्टर दाखव, त्याला रिंग आहे ना?" हे विचारायला लाज वाटू देऊ नका. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो.

लाल दिव्याला पातळीचा दिवा समजणं

वरच्या गोष्टीतले काका एकटे नाहीत. ऑइलच्या कॅनचं चित्र असलेला तो लाल दिवा पातळीचा नाही, प्रेशरचा असतो. तो लागला याचा अर्थ बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायचं आत्ताच थांबलंय. जिथे सुरक्षित असेल तिथे लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पंप दोन किलोमीटरवर असला तरी ते दोन किलोमीटर इंजिनाला परवडत नाहीत. क्रेनचे पैसे द्या.

"जाड ऑइल टाका, इंजिन टिकतं"

हे वाक्य मी वडीलधाऱ्यांकडून ऐकतो, टॅक्सीवाल्यांकडून ऐकतो आणि दुर्दैवाने काही दुकानांच्या काउंटरवरही ऐकतो. जुन्या जीपच्या आणि ॲम्बॅसेडरच्या काळात 20डब्ल्यू-50 ठीक होतं. त्या इंजिनांच्या फटी मोठ्या होत्या. आजच्या गाडीच्या पुस्तिकेत 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 लिहिलं असेल, तर ते इंजिन त्या ऑइलसाठीच बनवलेलं आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा 100 अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं ते सांगतो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो" म्हणून पहिला आकडा सोडून देणारे विसरतात, की सकाळी स्टार्टर मारल्यावर वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत ऑइल जितकं लवकर पोचेल तितकी झीज कमी. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा तर अरुंद वाटांतून येणाऱ्या ऑइलच्या दाबावरच चालते. जाड ऑइलने ती सुस्त होते, ॲव्हरेज पडतो, आणि मग माणूस इंजेक्टर साफ करायला पैसे घालत बसतो.

डिझेलवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-6 हा नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ आला. हा फिल्टर काजळी पकडतो आणि गाडी हायवेला तापली की ती जाळून टाकतो. ऑइलमधल्या धातूच्या रसायनांची राख मात्र जळत नाही, ती आतच साठते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तिकेत एसीईए सी2, सी3 (ऑइलचे युरोपियन दर्जे) असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुकानात ड्रममधून "डिझेलचं ऑइल आहे साहेब, सगळ्यांना चालतं" म्हणून टाकलेलं ऑइल त्याच दिवशी त्रास देत नाही. ते हळूहळू डीपीएफ चोंदवतं, आणि नव्या डीपीएफची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

याच गाड्यांची आणखी एक तक्रार येते: ऑइल न टाकताच डिपस्टिकवर पातळी वर चढते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं. त्यासाठी मारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर ते ऑइल बदलायचंच. किलोमीटर किती झाले ते बघू नका. आणि आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एका वेगात चालवा.

दुकानात जाण्याआधी पुस्तिकेतल्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ग्रेड आणि लिटर दोन्ही त्यावर असतात. काउंटरवर तो फोटो दाखवला की निम्मी चर्चा तिथेच संपते.

डबा उघडलाय म्हणून सगळं ओतणं

इंजिनाला तीन लिटर लागतं, डबा साडेतीनचा असतो, आणि उरलेलं परत द्यायचा कंटाळा. ऑइल जास्त झालं की क्रँक त्यात बुडतो, फेस होतो, फेसाचं प्रेशर टिकत नाही आणि सील गळायला लागतात. सपाट जागेवर गाडी घ्या. इंजिन मिनिटभर चालवून बंद करा म्हणजे नवा फिल्टर भरतो. पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली असेल तर मी खूश असतो. उरलेलं ऑइल डब्यासकट तुमच्या डिकीत यायला हवं. ते तुमच्या पैशाचं आहे.

गनने चेंबरचा नट आवळणं

चेंबर बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचा, नट लोखंडाचा. हवेच्या गनने तो आवळला की आटे जातात. कधी त्याच दिवशी, कधी पुढच्या सर्व्हिसला दुसऱ्या कुणाच्या हातात, आणि मग बोल त्या बिचाऱ्याला लागतो. बहुतेक लहान गाड्यांत हा नट 30 ते 40 न्यूटन-मीटरला बसतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना) असेल तर उत्तम, नसेल तर साधा पाना आणि शांत हात. खालचा वायसर दर वेळी नवा टाकायचा, काही रुपयांची वस्तू आहे. "जुनाच चालतो" म्हणणारा मेकॅनिक ठिबकणारी गाडी तुमच्या हातात देतोय. आटे गेलेच असतील तर टेफ्लॉन गुंडाळून किंवा एम-सील लावून भागवू नका. लेथवाल्याकडून आत नव्या आट्यांची स्प्रिंग बसवून घ्या. मी ती बसवून घेतो आणि ती टिकते.

काउंटरवरच्या आग्रहाला मान डोलावणं

इंजिन फ्लश, इंजिन डीकार्बन, ऑइलमध्ये टाकायची बाटली, टायरमध्ये नायट्रोजन, इंजिनाला चमक. वीस मिनिटांच्या कामात पैसा इथेच आहे, म्हणून आग्रहही इथेच होतो. जुन्या, वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या इंजिनात फ्लश टाकणं मला धोक्याचं वाटतं. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. त्याऐवजी मी ऑइल दोनदा लवकर बदलतो. एअर फिल्टर काळा आहे म्हणून कुणी हातात दिला, तर तो तुमच्याच गाडीतून काढलेला आहे का, ते डोळ्यांनी बघा. ऑइल काळं झालंय हे तर कारणच नाही. डिझेल गाडीत नवं ऑइल पहिल्या काही किलोमीटरमध्येच काळं होतं, ते त्याचं काम करतंय म्हणून.

बिल न घेणं

जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइलचा ब्रँड, ग्रेड आणि लिटर. चिठ्ठी चालणार नाही. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात सांगितलं होतं, की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. पण हा मुद्दा काउंटरवर मांडायचा तर हातात कागद लागतो. वॉरंटी चालू असेपर्यंत मी तरी गिऱ्हाइकांना कंपनीच्या सेंटरलाच जायला सांगतो.

नुकसान झालंच तर आधी फोटो काढा: गळती, फिल्टर, डिपस्टिक, किलोमीटर. दुसऱ्या मेकॅनिकला खोलू देण्याआधी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला तिथे फीही लागत नाही.

थोडक्यात निपटणाऱ्या बाकीच्या चुका

गाडी वर्षभरात दोनच हजार किलोमीटर चालली म्हणून ऑइल न बदलणं. पुस्तिकेत "10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं, त्यातलं "एक वर्ष" वाचा.

डब्याचं सील तुमच्यासमोर न फोडणं. आणि रिकामा डबा तसाच तिथे सोडणं. त्यात भेसळीचं ऑइल भरून तो पुन्हा विकला जातो. मी प्रत्येक डब्याला पान्याने भोक पाडतो.

कूलंट कमी दिसला म्हणून नळाचं पाणी ओतायला लावणं.

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल अशा दुकानात घाईत बदलणं. सीव्हीटीला (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) सीव्हीटीचंच ऑइल लागतं, चुकलं तर गिअरबॉक्स जातो.

चाकं काढली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा न तपासणं. डिकीतला पाना काढा आणि स्वतः बघा.

घरपोच ऑइल बदलून घेतलं तर जुनं ऑइल सोसायटीच्या गटारात जाऊ देणं. तो कायद्याने घातक कचरा आहे, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. येणाऱ्या मुलाने ते भरून न्यायला कॅन आणलाय का, हे नट खोलायच्या आधी विचारा. नसेल तर काम सुरू करू देऊ नका.