स्क्रब टायफसची खपली तपासताना या चुका टाळा

पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेतात किंवा गवतात वावरलेल्या माणसाला ताप आला, की आधी डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी होते, आणि ती निगेटिव्ह आली की ‘व्हायरल असेल’ म्हणून विषय संपतो. पण तो ताप स्क्रब टायफसचाही असू शकतो. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आल्यानंतर हे नाव लोकांच्या कानांवर पडले. मात्र या आजाराची त्वचेवरील खूण अजूनही सहज नजरेतून सुटते. उंदीर-घुशींच्या अंगावर पोसणाऱ्या माइटच्या (गोचिडीच्या जातकुळीतल्या बारीक जिवाच्या) अतिसूक्ष्म अळ्या माणसाला चावतात आणि ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खूण दुखेल किंवा खाजेल अशी अपेक्षा धरणे. चाव्याच्या जागी आधी बारीक पुळी येते, मग ती फुटून तिच्यावर काळी खपली धरते आणि भोवती लालसर कडे उमटते. सिगारेटच्या चटक्यासारखी दिसणारी ही जखम बहुधा दुखतच नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून तिच्याविषयी बोलत नाही. दुसरी चूक शोधण्याच्या जागेची. आपण हातपाय पाहतो, पण अळ्या काख, जांघ, स्तनांखालची घडी, कंबरेचा नाडीचा पट्टा अशा झाकलेल्या जागा गाठतात. संकोचामुळे तिथे कोणी पाहत नाही, आणि निदान अनेकदा तिथेच अडकते. दमट घडीत तर काळी खपली धरतही नाही, नुसता उथळ पिवळसर व्रण दिसतो. जवळच्या गाठी सुजल्या असतील, तर त्या भागात पुन्हा पाहावे.

खपली सापडली नाही म्हणून आजार नाही, असेही समजू नये. कित्येक रुग्णांत ती नसतेच. धडावरून पसरणारे पुरळ सावळ्या त्वचेवर फिके दिसते, कधी उमटतही नाही. सापडलेली खपली मात्र खरवडू नये, तिच्यावर चुना किंवा हळद लावू नये. डॉक्टरांना ती जशीच्या तशी पाहू द्यावी, कारण तिचा नमुनाही तपासणीला उपयोगी पडतो.

पहिल्या काही दिवसांत आयजीएम एलायझा ही रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. पेनिसिलिन गटातील औषधे या जिवाणूवर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालते, आणि त्याने ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. म्हणून गेल्या दोन-तीन आठवड्यांत गवत कापले किंवा झुडपांत वावर झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते आधीच सांगावे.