स्टॅटिक्स शिकताना: आकृती नीट, तर गणित नीट

स्टॅटिक्समध्ये, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या अभ्यासात, पाठ करण्यासारखं फार काही नाही. एका प्रतलातलं गणित असेल तर समीकरणं तीनच: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य आणि कुठल्याही एका बिंदूभोवतीच्या मोमेंटची (बलाचा फिरवण्याचा परिणाम: बल गुणिले त्या बिंदूपासूनचं लंब अंतर) बेरीज शून्य. तरीही नवी मुलं या विषयाला घाबरतात. मी स्वतः शिकताना आणि नंतर ज्युनिअर मुलांना शिकवताना पाहिलं, की अडचण समीकरणात नसते. ती त्याच्या आधी, फ्री बॉडी डायग्राममध्ये असते.

फ्री बॉडी डायग्राम म्हणजे ज्या वस्तूचा विचार करायचा ती आजूबाजूच्या सगळ्यापासून सुटी करून काढायची, आणि जिथे जिथे ती कशाला टेकली किंवा जोडली होती तिथे त्या आधाराऐवजी बल दाखवायचं. कुठलं बल, हे आधारावर ठरतं. आधार जी हालचाल अडवतो, तिचीच रिॲक्शन (आधाराने वस्तूवर लावलेलं बल किंवा मोमेंट) तो देतो. रोलर, म्हणजे चाकांवरचा आधार, फक्त पृष्ठभागाला लंब दिशेने अडवतो, म्हणून एक रिॲक्शन. हिंज, म्हणजे बिजागरीसारखा आधार, दोन्ही दिशांना सरकू देत नाही पण फिरू देतो, म्हणून दोन. भिंतीत पक्की बसवलेली तुळई फिरूही शकत नाही, म्हणून दोन बलं आणि एक मोमेंट. हे कळलं की आधारांचा तक्ता घोकावा लागत नाही.

एक साधं गणित बघू. ६ मीटरची आडवी तुळई, डावीकडे हिंज, उजवीकडे रोलर, डाव्या टोकापासून २ मीटरवर १२ किलोन्यूटनचा भार. मोमेंट हिंजभोवती घ्यायचा, कारण हिंजच्या दोन्ही अज्ञात रिॲक्शन त्या बिंदूतून जातात आणि समीकरणातून आपोआप गळतात. १२ गुणिले २ म्हणजे २४. भागिले ६, रोलरची रिॲक्शन ४ किलोन्यूटन. उरलेले ८ हिंजवर. आता पडताळा उजव्या टोकाभोवती: ८ गुणिले ६ म्हणजे ४८, आणि १२ गुणिले ४ सुद्धा ४८. हा पडताळा परीक्षेतही सोडू नका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. उत्तर ऋण आलं तर खोडाखोड करू नका. बलाची दिशा आपण धरली होती त्याच्या उलट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घर्षणाच्या धड्यात मात्र सावकाश जा. घर्षण दिसलं की लगेच ‘म्यू गुणिले एन’ (म्यू म्हणजे घर्षणांक, एन म्हणजे पृष्ठभागाची लंब रिॲक्शन) लिहायची सवय फार जणांना लागते, आणि ती चुकीची आहे. समजा, गुळगुळीत भिंतीला शिडी टेकवली आहे, जमिनीशी कोन ६० अंश, शिडीवर फक्त तिचं स्वतःचं वजन, तेही मध्यावर. पायथ्याभोवती मोमेंट घेतला तर भिंतीची रिॲक्शन वजनाच्या साधारण ०.२९ पट येते. आडव्या दिशेत तिला तोलणारं बल एकच, जमिनीचं घर्षण. म्हणजे तेही ०.२९ पट. आता घर्षणांक ०.४ दिला असेल, तरी घर्षण ०.४ पट होत नाही. ती फक्त कमाल मर्यादा. शिडीला जेवढी गरज आहे तेवढंच घर्षण निर्माण होतं. ‘म्यू गुणिले एन’ लिहायचं ते वस्तू सरकण्याच्या बेतात आहे असं गणितात म्हटलं असेल किंवा ती प्रत्यक्ष सरकत असेल तेव्हाच.

ट्रसमध्ये, म्हणजे सरळ दांड्या (मेंबर) टोकांना (जॉइंटला) जोडून केलेल्या सांगाड्यात, हिशेबाला बसण्याआधी शून्य बलाचे मेंबर शोधा. ज्या जॉइंटला एका रेषेत नसलेले दोनच मेंबर जोडलेले आहेत आणि तिथे ना भार आहे ना आधार, तिथे दोन्ही मेंबरमधलं बल शून्य. मोठा दिसणारा ट्रस यामुळे बराच आटोपशीर होतो. सेंट्रॉइडचा, म्हणजे आकाराचा भौमितिक मध्य काढायचा, भाग सरावाने जमतो, त्यावर फार वेळ घालवू नका.

आणि अज्ञात मोजायची सवय लावा. वरच्याच तुळईच्या मधोमध आणखी एक रोलर दिला तर अज्ञात चार होतात, समीकरणं तीनच राहतात. असं गणित नुसत्या स्टॅटिक्सने सुटत नाही, दुसऱ्या बिंदूभोवती पुन्हा मोमेंट घेऊन नवं काही हाती लागत नाही. तिथे तुळई किती वाकते हे विचारात घ्यावं लागतं, आणि ते स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये येतं.