स्कूटर घरी उघडताय? मग या चुका टाळा

'पिकअप गेलाय, कार्बोरेटर ट्यून करायचाय' असं म्हणत कोणी गिअरलेस स्कूटर घेऊन आलं की मी आधी ती मेन स्टँडला लावतो आणि मागचं चाक हाताने फिरवून बघतो. निम्म्या वेळा चाक अडखळतं. ब्रेकची केबल कोणीतरी 'ब्रेक टाइट पाहिजे' म्हणून कसलेली असते, शू ड्रमला सतत घासत असतात आणि इंजिन बिचारं त्या ब्रेकशी भांडत असतं. लिव्हरच्या टोकाला एका बोटाच्या रुंदीएवढा खेळ ठेवला, टायरमध्ये हवा भरली की अर्धा पिकअप परत येतो. उरलेला बहुतेक वेळा इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या, झिजलेल्या बेल्टमध्ये आणि पुढच्या पुलीतल्या चपटे झालेल्या रोलरमध्ये, म्हणजे छोट्या गोल वजनांमध्ये, सापडतो. कार्बोरेटरचा नंबर फार उशिरा लागतो, पण नवशिक्यांचा स्क्रूड्रायव्हर पहिला तिथेच जातो, कारण तो स्क्रू बाहेरून दिसतो आणि फिरवायला सोपा असतो.

हा पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा स्क्रू नेमकं काय करतो ते आधी समजून घ्या. त्याची सत्ता आयडलिंगवर (थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालतं तेव्हा) आणि थ्रॉटल जेमतेम उघडेपर्यंत चालते. मधल्या टप्प्यात कार्बोरेटरमधली सुई काम करते, पूर्ण थ्रॉटलला मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. गाडी फुल थ्रॉटलला मिसिंग करत असेल तर हा स्क्रू दिवसभर फिरवलात तरी काही होणार नाही. उलट चांगलं चालणारं आयडलिंग बिघडेल. माझी सवय ठरलेली आहे: आधी एअर फिल्टर, मग प्लग, मग टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट), मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली आहे का, क्लॅम्प ढिला आहे का, हे बघायचं. एवढं झाल्यावरच स्क्रूला हात लावायचा. तोही आधी हलक्या हाताने आत घेत किती फेऱ्या बसतात ते मोजून कागदावर लिहायचं. आत टेकला की थांबायचं, आवळायचा नाही. टोक चेपलं की तो कार्बोरेटर पुन्हा कधी नीट ट्यून होत नाही. आणि हे सगळं इंजिन चांगलं गरम असताना. थंड गाडीवर केलेलं ट्यूनिंग पुढच्या वळणापर्यंतही टिकत नाही. जेट तुंबला असेल तर त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हा स्क्रू नसतोच, त्यामुळे थ्रॉटल बॉडीवर जो दिसेल तो स्क्रू फिरवून बघायची घाई करू नका.

आता ज्या चुकीने मला खरोखर त्रास होतो ती सांगतो. बेल्ट बदलणं.

ओळखीतल्या एका मुलाने व्हिडिओ बघून घरीच बेल्ट आणि रोलर बदलले. सामान चांगलं, ओरिजिनल. काम झालं, गाडी चालली, मुलगा खूश. काही दिवसांनी डाव्या बाजूने खडखड सुरू झाली. 'नवीन रोलर आहेत, बसतील हळूहळू' म्हणून त्याने तशीच चालवली. मग एक दिवस इंजिन चालू, थ्रॉटल दिला की नुसता आवाज, गाडी जागची हलेना. माझ्यासमोर कव्हर उघडलं तेव्हा आत सगळीकडे तांबूस, गंजासारखी बारीक पूड पसरली होती. व्हेरिएटरचा, म्हणजे पुढच्या पुलीचा, नट मी पाना न लावता दोन बोटांनी काढला. त्या पुलीच्या बाहेरच्या, पंखा असलेल्या ताटलीतले दाते गुळगुळीत झाले होते, आणि वाईट म्हणजे क्रँकवरचे, इंजिनच्या मुख्य दांड्यावरचेही. ती पूड म्हणजे एकमेकांवर घासून झिजलेलं पोलाद. बेल्ट मात्र नवाकोरा होता. बेल्ट बदलण्याच्या कामापायी इंजिन फाडून क्रँक बदलावा लागला.

नट त्याने कमी आवळला नव्हता, चांगला जोर लावून आवळला होता. चूक त्याच्या आधी झाली होती. मागच्या पुलीतली स्प्रिंग दोन्ही ताटल्या मिटून ठेवते, त्यामुळे बेल्ट तिथे वर, कडेला बसतो आणि पुढे त्याला ढिलाई उरत नाही. तशाच अवस्थेत पुढची ताटली लावली की बेल्ट मधे चिमटला जातो आणि ताटली आतल्या बुशपर्यंत (दांड्यावरच्या लोखंडी नळीपर्यंत) पोचतच नाही. नट आवळताना हाताला घट्ट लागतं, पण तो घट्टपणा रबराचा असतो, लोखंडाचा नाही. इंजिन सुरू झालं की बेल्ट आपली जागा घेतो, मधे फट पडते, नट ढिला होतो आणि ताटली दात्यांवर हेलकावे खायला लागते.

म्हणून मागच्या पुलीच्या ताटल्या हाताने फाकवून बेल्ट तिथे खोल दाबून घ्या. तो वर सरकू नये म्हणून मी बेल्टचे वरचा-खालचा दोन्ही पदर जवळ ओढून दोरीने बांधतो. मग पुढे भरपूर ढिलाई मिळते. ताटली सरकवल्यावर ती बुशला टेकली का, हे डोळ्यांनी बघा. दात्यांवर अर्धवट बसली असेल तर नट लावूच नका. ताटली धरायला होल्डर वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट आवळणाऱ्यांनी किती पाती मोडली असतील याची गणतीच नाही. इम्पॅक्ट गनने नट काढायला माझी हरकत नाही, पण बसवताना किती जोर लागला ते मोजणारा टॉर्क पानाच हवा, आणि आकडा त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला. नट आवळून झाल्यावर पुढच्या पुलीत बेल्ट बोटाने हलला पाहिजे. तो ताठ अडकलेला असेल तर सगळं पुन्हा सोडा. दोरी काढा, पंखा हाताने फिरवून बेल्ट जागेवर आणा आणि नट परत एकदा तपासा. मी नटावर आणि ताटलीवर मिळून रंगाची एक रेघ ओढतो. पुढच्या वेळी कव्हर काढलं की नट हलला की नाही ते लगेच कळतं. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने, आणि पुलीच्या तोंडावर ग्रीसचा ठिपकाही नको.

टॅपेटचा आवाज येतो म्हणून ते कसून टाकणं ही दुसरी जुनी खोड. थोडी टिकटिक ही तब्येत चांगली असल्याची खूण आहे. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गरम गाडी बंद केल्यावर लगेच सुरू होईना, तर मी आधी हाच संशय घेतो. गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशनमध्ये पिस्टन अगदी वरच्या टोकाला असताना, फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी) घालूनच मोजायचा. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची ही मापं असतात. ती अंदाजाने कानाला कळत नाहीत, कोणी कितीही अनुभवाची बढाई मारो.

इंजिन ऑइलची पातळी गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर ठेवून बघा. बहुतेक स्कूटरमध्ये डिपस्टिक नुसती टेकवायची असते, पिळायची नसते. 'जास्त घातलं तर चांगलंच' हे साफ चूक आहे. जास्तीचं ऑइल एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, येतं. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला जासो एमबी दर्जाचं, म्हणजे जास्त निसरडं, ऑइल चालतं. तेच ऑइल ओल्या क्लचच्या मोटरसायकलमध्ये ओतू नका. मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं असतं, हेही अनेकांना माहीत नसतं.

प्लग हातानेच आट्यांवर चढवा, शेवटी पाना. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिरका गेलेला प्लग आटे खाऊन टाकतो.

कंपनीतूनच तेल लावून आलेल्या कागदाचा एअर फिल्टर हवा मारून साफ होत नाही, बदलावाच लागतो.

फ्यूज उडाला तर कारण शोधा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकला की पुढे वायरच जळते.

आता अपग्रेड. ब्रेक आणि टायर धड नसताना कोणी मोकळा सायलेन्सर लावायला निघालं की मी मदत करत नाही. एकतर त्याने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, जेट न बदलता तसंच पळवलं तर इंजिन तापतं. आणि मिळतो तो बहुतेक आवाजच. खरा फरक हवा असेल तर रोलरचं वजन बदलून बघा. हलक्या रोलरने इंजिन वरच्या आरपीएमला राहतं, उचल छान मिळते, पण पेट्रोल जास्त लागतं आणि सरळ रस्त्यावर गाडी ओरडत राहते. जड रोलरने उचल मंदावते, पण इंजिन शांत चालतं. रोलर, मागच्या पुलीची मोठी स्प्रिंग आणि क्लचच्या स्प्रिंगा एकाच बैठकीत बदलू नका. गाडी बिघडली तर कशाने ते कळणारच नाही. एक गोष्ट बदला, नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वजनाने आठवडाभर चालवा, मग दुसरीला हात लावा. आणि काढलेले रोलर वजन लिहून डबीत ठेवा. हलके रोलर घालणाऱ्यांतले बरेच जण महिन्याभरात मूळचेच मागत येतात.