एका सेमिस्टरसाठी युरोपला जायचंय? आधी स्वतःच्या विद्यापीठात विचारा

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पूर्ण पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहेत, चार-सहा महिन्यांच्या एक्स्चेंजसाठी नाहीत. त्यांच्या मागे लागून मुलांचे महिने वाया जातात, याचं फार वाईट वाटतं.

एक्स्चेंजसाठी युरोपियन युनियनची इरॅस्मस प्लस योजना बघा. मुक्काम 2 ते 12 महिने, देशानुसार महिना साधारण 800 ते 900 युरो शिष्यवृत्ती, शिवाय अंतरानुसार प्रवासखर्चही मिळतो. तिकडची ट्यूशन फी माफ. पण तुमच्या आणि तिथल्या विद्यापीठात त्यासाठी करार झालेला हवा, म्हणून सुरुवात आपल्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात प्रत्यक्ष जाऊन करा. नुसत्या ईमेलवर विसंबू नका.

निवड झाली की लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर निघण्यापूर्वीच तुमची, इथल्या आणि तिथल्या विद्यापीठाची, अशा तिन्ही सह्या घ्या. कोणते विषय तिकडे शिकणार आणि त्यांचे क्रेडिट इथे कशाच्या बदल्यात धरणार, हे त्यातच ठरतं. सही राहिली, तर परतल्यावर तेच पेपर पुन्हा द्यायची वेळ येऊ शकते.

आणि तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याचं भाडं एवढी रक्कम हाताशी ठेवा. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता तिथे पोहोचून बँक खातं उघडल्यावरही येऊ शकतो.