मानसोपचार ओपीडीत फिल्डवर्क लागलंय? मग हे वाचा

बडोद्यात एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) प्रवेश घेतला आणि फिल्डवर्क मानसोपचाराकडे लागलं, की मुलं पहिल्यांदा समुपदेशनाची पुस्तकं गोळा करतात. वाचाच ती. पण एसएसजी म्हणजे सयाजीराव सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो किंवा कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय, पेशंटच्या घरच्यांना आधी सतावतं ते वेगळंच: पुढच्या वेळी यायचं कसं? माझ्या मते आपलं निम्म्याहून जास्त काम याच प्रश्नाभोवती आहे.

छोटा उदेपूरकडून येणारं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. पेशंट एकटा येऊ शकत नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवं. दोघांचं बसभाडं, दोघांची बुडालेली मजुरी. दोन महिन्यांत मुलगा शांत झोपायला लागतो, शेतावर जायला लागतो, आणि घरचे ठरवतात, 'आता बरा आहे, कशाला जायचं?' गोळ्या थांबतात, आजार उलटतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण आजारानुसार 70 ते 92 टक्के निघालं होतं. त्याला अज्ञान हे एकच कारण देऊन मोकळं होऊ नका. अंतर, पैसा आणि लाज ही कारणंही तितकीच खरी आहेत.

म्हणून पेशंट उठायच्या आधी विचारा: गोळ्या किती दिवसांच्या दिल्यात, त्या संपतील तेव्हा कोण आणणार, तीच गोळी जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळते का? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे. तुमच्या पेशंटच्या जिल्ह्यात त्याची ओपीडी कधी आणि कुठे भरते ते फोन करून शोधा आणि केसपेपरवर लिहून द्या. तारीख चुकली तर फोन करायचा, पण 'का नाही आलात?' असं दरडावून नाही. 'तब्येत कशी आहे?' एवढंच विचारलं की माणसं आपणहून सांगतात.

भुवाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जाऊन आलेल्यांशी वाद घालू नका. गुजरातमध्येच, मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' या उपक्रमातून मानसोपचाराची सोय दर्ग्याजवळच केली गेली आणि मुजावर पेशंटना डॉक्टरांकडे पाठवू लागले. दोरा असू दे हातात, गोळी चुकायला नको.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण 10 ते 20 वर्षं लवकर जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या मानसोपचाराच्या औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते, त्यात तंबाखू, त्यात दिवसभर एका खोलीत बसणं. आणि पेशंटने शरीराची तक्रार केली तरी ती 'डोक्यातली' समजली जाते. दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातले काका सारखं पाणी मागायचे, रात्री चारदा उठायचे. त्यांची बहीण म्हणाली, "अगं, तो तसाच करतो, लक्ष नको देऊस." मी म्हटलं, "मावशी, एकदा साखर तर तपासू या." साखर चांगलीच वाढलेली निघाली. तेव्हापासून वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखर यांची नोंद केसपेपरवर आहे का, हे मी आधी बघते. नसेल तर डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोचू नका.

लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्या पेशंटसाठी बडोद्याचा उन्हाळा धोक्याचा असतो. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, जुलाब, उलट्या, तोल जाणं असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखान्यात आणायला सांगा. डॉक्टरांना न विचारता आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही, हेही सांगा. निर्जळी उपास करणाऱ्यांशी आधीच बोला. नवरात्रात आणखी एक काळजी: बायपोलर आजारात (मनःस्थिती कधी खूप चढते, कधी खूप खचते) सलग जागरणाने मेनियाचा, म्हणजे अति उत्साहाचा, झटका उसळू शकतो. गरबा बंद करायला सांगू नका, आपल्या गावात ते कोणी ऐकणारही नाही, आणि त्या माणसाचा आनंद का हिरावायचा? किती वाजता घरी यायचं आणि कोण आणणार, हे घरच्यांसोबत आधी ठरवा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. सगळी कलमं पाठ नको, पण 18 वं नक्की वाचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड नसलं तरी सरकारी संस्थेत उपचार मोफत मिळण्याचा हक्क त्यात आहे. खिडकीवर कोणी अडवलं तर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर प्रमाणपत्राचेही फायदे आहेत, ते अनेक घरांना माहीतच नसतात.

गोपनीयता कायद्यात आहेच, पण आपल्या मराठी वस्तीत ती जास्तच जपावी लागते. दांडिया बाजार, रावपुरा म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. गणपतीच्या आरतीला पेशंटच्या काकू भेटल्या, तर आपण होऊन ओळख दाखवू नका. त्यांनी हाक मारली तर बोला, तेही तब्येत सोडून. पेशंटशी गुजराती लागतेच. बोलता येत असली तरी वाचायलाही शिका.

पुढे याच क्षेत्रात राहायचं असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत मानसोपचार सामाजिक कार्यकर्त्याला एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी या मानसोपचाराच्या संस्था त्यासाठीची जुनी ठिकाणं. यूजीसीने 2022 च्या नियमांत एम.फिल. बंद केलं आणि या विषयासाठी मग मुदतवाढ दिली, तेव्हा अर्ज करण्याआधी सध्या कोणता अभ्यासक्रम चालू आहे हे संस्थेकडूनच विचारून घ्या.

आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक केसपेपरच्या मागे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहायला लागा. तो मोफत आहे, 24 तास चालतो, गुजराती आणि मराठी दोन्हींत बोलता येतं.