सेफ्टीच्या साधनांची चाचणी किती दिवसांनी? या चुका टाळा

पंपाचं सील गळलं तर खाली डबकं साचतं. बेअरिंग जायला लागलं की आवाज येतो. पण प्रेशर स्विच, म्हणजे प्रेशर हद्दीबाहेर गेलं की मशीन आपोआप बंद-चालू करणारा स्विच, मेला तर काहीच होत नाही. प्लांट चालू, पॅनेलवर हिरवा दिवा, सगळे खूश. ज्या दिवशी प्रेशर खरंच चढतं त्या दिवशी कळतं की राखणदार केव्हाच गेलेला होता. भोसरी-चाकण पट्ट्यात मेंटेनन्समध्ये 26 वर्षं काढली, आणि त्याच त्या चुका आजही नव्या पोरांच्या पीएम शेड्यूलमध्ये (बिघाडाआधीच्या देखभालीच्या वेळापत्रकात) दिसतात.

अर्धीच साखळी तपासणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण हिच्यात काम केल्याचं समाधान मिळतं आणि काम झालेलं नसतं.

एका कारखान्यात डिझेल फायर पंप होता. दर सोमवारी सकाळी फिटर जायचा, लोकल पॅनेलवरून पंप मॅन्युअल चालू करायचा, 5 मिनिटं चालवायचा, लॉगबुकात टिक. मी तिथे रुजू झालो तेव्हा 4 वर्षांच्या टिका होत्या, एकही सोमवार चुकलेला नव्हता. मीही ते रजिस्टर पाहून निर्धास्त झालो. हे आजही मला लागतं.

एका रात्री पॅकिंगच्या शेडला आग लागली. हायड्रंट उघडला, लाइनचं प्रेशर पडलं, जॉकी पंप (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) पुरा पडेना, आणि डिझेल पंप आपोआप सुरू व्हायला हवा होता तो झालाच नाही. वॉचमन अंधारात पंप हाउसपर्यंत पळत गेला आणि त्याने हाताने चालू केला. त्यात 7-8 मिनिटं गेली. माणसं वाचली, शेड गेली. सकाळी पाहतो तर पंप आपोआप सुरू करणाऱ्या प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक नळी गंजाच्या चिखलाने गच्च भरलेली. लाइनचं प्रेशर शून्यावर आलं तरी त्या स्विचला ते कळणारच नव्हतं.

ती नळी कधी चोंदली? आदल्या आठवड्यात की 3 वर्षांपूर्वी? कोणीच सांगू शकलं नाही. दर सोमवारी तपासलं जायचं ते इंजिन. स्विचची चाचणी 4 वर्षांत एकदाही झाली नव्हती, म्हणजे चाचणी 7 दिवसांनी की 10 दिवसांनी हा वादच फोल.

तेव्हापासून माझी सवय अशी: ड्रेन उघडून लाइनचं प्रेशर खरोखर पाडायचं आणि पंप स्वतःहून उठतो का ते उभं राहून पाहायचं. लेव्हल स्विच असेल तर पाणी चढवायचं, फ्लोटला (आतल्या तरंगत्या गोळ्याला) हाताने उचलायचं नाही. दर वेळी जमत नसेल, तर कुठला तुकडा तपासायचा राहिला ते शेड्यूलमध्ये स्पष्ट लिहायचं आणि त्याची तारीख वेगळी धरायची.

सगळ्याला सरसकट 'वर्षातून एकदा'

विचारलं की उत्तर येतं, 'ऑडिट वर्षाला असतं ना.' ऑडिटरच्या सोयीवर स्विच मरत नाहीत.

मुदत ठरवायला दोनच गोष्टी लागतात: ते साधन सरासरी किती वर्षांनी गुपचूप मरतं, आणि ते मेलेल्या अवस्थेत किती टक्के काळ राहिलेलं तुम्हाला चालेल. साधन दोन चाचण्यांच्या मध्ये कधीही मरू शकतं, म्हणून मेलं तर पुढच्या चाचणीपर्यंत सरासरीने अर्धी मुदत ते मेलेलंच पडून असतं. त्यावरून हिशेब सोपा: मुदत = 2 × चालणारा मृतकाळ × सरासरी आयुष्य. मुदत आयुष्याच्या मानाने लहान असेल आणि साधन झिजून नव्हे तर अवचित मरत असेल, तर हे गणित नीट चालतं.

समजा, एका जातीचे 40 स्विच आहेत. 3 वर्षांत 6 मेलेले सापडले. 40 गुणिले 3 म्हणजे 120 स्विच-वर्षं, भागिले 6, सरासरी 20 वर्षं. 5 टक्के मृतकाळ चालत असेल तर 2 वर्षांनी तपासा. 1 टक्काच चालत असेल तर साधारण 5 महिन्यांनी. स्विच तोच, पण कशाचं रक्षण करतोय त्यावरून मुदत इतकी बदलते.

आता 5 टक्के म्हणजे काय ते नीट समजून घ्या. टाकीचा नेहमीचा लेव्हल कंट्रोल 4 वर्षांतून एकदा बिघडतो असं धरा. वरचा हाय-लेव्हल स्विच 5 टक्के काळ मेलेला, तर टाकी ओसंडायची 80 वर्षांतून एकदा. बरं वाटतं. पण आवारात अशा 20 टाक्या असतील तर कुठली तरी एक दर 4 वर्षांनी ओसंडणार. एका टाकीवर हिशेब करून सही मारणारे इंजिनियर मी खूप पाहिले.

आणि सरासरी आयुष्य कॅटलॉगमधून उचलू नका. कॅटलॉगमधल्या स्विचला कुरकुंभच्या केमिकल कारखान्यांतली ॲसिडची वाफ माहीत नसते. आपल्या रजिस्टरमधले मेलेले मोजा.

तपासण्याआधी साफसफाई

सेफ्टी व्हॉल्व्ह बेंचवर आला. सेट प्रेशर 10.5 किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तेवढं चढलं की तो उडायला, म्हणजे उघडायला हवा. पोराने प्रेशर दिलं, 14 पर्यंत गेला तरी उडाला नाही. त्याने हातोडीने दोनदा ठोकला, परत दिलं, 10.6 ला उडाला. रिपोर्टमध्ये 10.6. मी शेजारी उभा नसतो तर हा व्हॉल्व्ह कागदावर निरोगी ठरला असता, आणि अशाच चार रिपोर्टांवरून कोणीतरी मुदत दुप्पट केली असती. काढला तसा, न पुसता, न ठोकता, पहिल्यांदा कितीला उडाला तोच खरा आकडा. मी फॉर्मवर त्यासाठी पहिला रकाना ठेवतो आणि तो भरल्याशिवाय पाना हातात देत नाही.

चाचणीनंतर तसंच सोडून जाणं

इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेल डेपोत 11 डिसेंबर 2005 ला पेट्रोलची टाकी ओसंडली आणि प्रचंड स्फोट झाला. टाकीतली पातळी दाखवणारा गेज अडकलेला होता. वरच्या स्वतंत्र स्विचचा चाचणीचा दांडा कामाच्या जागी धरून ठेवायला कुलूप लागायचं, ते लावलेलंच नव्हतं, म्हणून तो स्विचही निकामी होता. कुलपाचं काम काय, हे तिथल्या माणसांना नीट माहीत नव्हतं. म्हणजे वारंवार चाचणी हेही निव्वळ पुण्याचं काम नाही. प्रत्येक चाचणीत साधन बिघडवून ठेवायची एक संधी असते.

माझ्याकडे जंपर (चाचणीपुरतं स्विचला वळसा घालणारे वायरचे तुकडे, काढायचे राहिले तर स्विच निकामी) मोजून 6, सगळे लाल वायरचे, एका डब्यात. शिफ्ट संपताना डब्यात 6 नसतील तर कोणी घरी जात नाही. घाईतली पोरं यावर कुरकुर करतात. करू देत.

बाकीच्या, थोडक्यात

एकच साधन 3 वर्षं पास झालं म्हणून मुदत वाढवू नका. एकावरून काही सिद्ध होत नाही.

एकाच कामावरचे जोडीचे दोन स्विच एकाच दिवशी एकाच माणसाकडून तपासू नका. त्याचा गेज चुकीचा असेल तर दोन्ही एकदम चुकतील. एक जूनमध्ये, दुसरा डिसेंबरमध्ये, हात वेगळा.

रप्चर डिस्क (प्रेशर चढलं की फाटून वाट देणारी चकती) आणि फ्यूज तपासता येत नाहीत, तपासलं की संपले. ते मुदतीने बदला.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बॉयलरच्या लो-वॉटर कटऑफची (पाणी कमी झालं की बर्नर बंद करणाऱ्या स्विचची) चाचणी करायला वाट वार्षिक तपासणीपर्यंत पाहू नका. फ्लोट चेंबरमध्ये गाळ बसतो. दर शिफ्टला ब्लोडाउन करा, म्हणजे चेंबरमधलं पाणी गाळासकट सोडून द्या, आणि बर्नर खरंच बंद पडतो का ते पाहा.

घरच्या आरसीसीबीचं (करंट गळला की घराची वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण मी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दाबतो, कारण मेंटेनन्ससाठी गुरुवारी वीज जाण्याची पुण्यात सवयच आहे आणि घड्याळं, वायफाय तसेही परत लावावे लागतात. त्या बटणाने फक्त आरसीसीबी तपासली जाते, घराचं अर्थिंग नाही. ते इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून वेगळं मोजून घ्या.