कोकणातल्या निसर्गावर आशादायी शॉर्टफिल्म करायचीय? मोबाईल पुरतो, पण आधी हे वाचा

निसर्ग वाचवण्यावरची फिल्म म्हटलं की आपल्याकडे दोनच साचे. एकात प्लॅस्टिकचा ढीग, मेलेले मासे, मागे रडकं व्हायोलिन आणि शेवटी काळ्या पडद्यावर 'अजून वेळ गेलेली नाही'. दुसऱ्यात ड्रोनवरून किनारा, स्लो मोशन लाटा, म्हणजे थोडक्यात रिसॉर्टची जाहिरात. दोन्हीत काम करणारा माणूसच नसतो. आता आशा वाटते ती लाटा बघून नाही हो, कोणीतरी रोज पहाटे उठून काहीतरी करतंय आणि त्याचा उपयोग होतोय हे डोळ्यांनी दिसलं की वाटते. एवढंच दाखवायचंय, बाकी सगळं त्याभोवती.

विषय छोटा घ्या. 'कोकणची जैवविविधता' हा विषय नाही, ते शाळेच्या निबंधाचं नाव झालं. एक गाव, एक काम, एक सीझन. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका २०१७ पासून होडीतून कांदळवन सफारी नेतात, तो विषय आहे. म्हसळ्याजवळ चिरगावात गिधाडांची घरटी गावाने सांभाळलीत, तो पण आहे. जाळ्यात कासव अडकलं म्हणून स्वतःचं जाळं कापणारा मच्छीमार हा तर माझ्या मते सगळ्यात भारी विषय, कारण त्यात पैशाचं नुकसान पण दिसतं. सरकारने डिसेंबर २०१८ पासून अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणलीय आणि भरपाईला पुरावा लागतो म्हणून मच्छीमार सुटका करतानाचे फोटो-व्हिडिओ स्वतःच काढून ठेवतात. म्हणजे तुम्हाला कधीच मिळालं नसतं असं खोल समुद्रातलं शूटिंग त्यांच्या मोबाईलमध्ये पडलेलं असतं, ते रीतसर विचारून मागा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ नका घेऊ, क्वालिटी जाते, 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' सांगा.

पहिलीच फिल्म असेल तर मात्र कासव घ्या, कारण कासवाची गोष्ट आयती बांधलेली असते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं, त्याआधी अंडी माणसं न्यायची नाहीतर कुत्री-कोल्हे उकरायचे. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, आता आंजर्ले, गुहागर, वायंगणी असं बऱ्याच किनाऱ्यांवर हे काम चालतं. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी एका वेळी साधारण शंभरेक अंडी घालते आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे बघा, अंडी सापडली तिथे तुमची सुरुवात, आणि पिल्लं येणार का, किती येणार हा प्रश्न दीड-दोन महिने लटकलेला. असली पटकथा पैसे देऊन मिळत नाही. म्हणून निदान दोनदा जा, एकदा जानेवारीच्या आसपास घरटी सापडत असताना आणि मग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं येताना. फक्त महोत्सवाला जाऊन पिल्लं शूट करून आलात तर तुमच्याकडे फिल्म नाही, स्टेटस आहे.

जायच्या आधी वनविभागाच्या रेंज ऑफिसला फोन करा, काय परवानगी लागते ते विचारा आणि लेखी घ्या, आणि घरटी शोधून सांभाळणाऱ्या गावातल्या कासवमित्रांशी पण बोला, कारण कागद कितीही असले तरी पहाटे तुम्हाला बरोबर न्यायचं की नाही ते तेच ठरवणार. ड्रोन घरीच ठेवा.

पहाटेची गस्त हा फिल्मचा जीव आहे, तिथे वेळ घालवा. कासवमित्र पुळणीवरून चालत मादीच्या येण्या-जाण्याच्या खुणा शोधतो, खुणा जिथे वळतात तिथे वाळू चाचपतो, मऊ लागली की हाताने उकरायला लागतो आणि हळूहळू कोपरापर्यंत हात आत जातो. मग एकेक अंडं काढून मोजायचं, हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवायच्या जागेत, तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायचं, तारीख आणि आकडा लिहिलेली पाटी लावायची. हे सगळं हातांच्या क्लोजअपमध्ये घ्या, चेहरा नंतर. वहीत आकडा लिहितानाचा शॉट सोडू नका, पिल्लं समुद्रात सोडण्याच्या दिवशी तीच वही परत उघडते तेव्हा बघणाऱ्याला हिशोब आपोआप कळतो, निवेदनाची गरजच पडत नाही.

पिल्लांच्या वेळचे नियम कडक ठेवा. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, मोबाईलच्या स्क्रीनचा ब्राइटनेस पण कमी, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि तुमचा लाइट त्यांना समुद्रापासून भलतीकडे नेऊ शकतो. दोरीच्या मागे राहा, कडेला मोबाईल वाळूला टेकवून दोन एक्स झूमवर ठेवा आणि गप्प बसा, पिल्लू फ्रेममधून स्वतः चालत जाऊ दे. उचलून तळहातावर घेतलेला शॉट नकोच, कितीही क्यूट असला तरी, तो बघून पुढचे दहा जण तेच करणार. रात्री अंडी घालायला आलेल्या मादीच्या मागे तर अजिबात लागू नका, डिस्टर्ब झाली की अंडी न घालताच परत जाऊ शकते.

टेक्निकल थोडक्यात: पंचवीस एफपीएस (सेकंदाला पंचवीस फ्रेम), ढग आले की एक्सपोजर बदलू नये म्हणून लॉक करायचं, भरती-ओहोटीचं टाइमटेबल आदल्या दिवशी बघायचं, आणि संध्याकाळी मोबाईल ओलसर फडक्याने पुसायचा कारण खारा वारा पोर्टमध्ये जातो. आवाजाचा मात्र खरा त्रास. किनाऱ्यावर वारा माइक खाऊन टाकतो, त्यामुळे मुलाखत पुळणीवर उभं राहून घेऊच नका, सुरूच्या बनाच्या आडोशाला नाहीतर सरळ घरच्या पडवीत बसा. कॉलर माइकला फरवालं कव्हर लावा. आणि लाटा, सुरूचा आवाज, हॅचरीतल्या टोपल्या उचलण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, एडिटला देवासारखा धावून येतो.

मुलाखतीचं सांगतो. कोकणी माणसाला समोर कॅमेरा ठेवून 'तुम्हाला काय वाटतं' विचारलंत की 'बरं वाटतं' एवढंच मिळणार. त्याच्या हाताला काम असू दे, जाळं विणताना किंवा टोपल्या दुरुस्त करताना विचारा, आणि भावना नका विचारू, घटना विचारा. 'काका, पहिलं घरटं कुठे सापडलं होतं?' 'मामी, पहिल्यांदा पर्यटक आले तेव्हा जेवायला काय केलंत?' पूर्वी अंडी कोण न्यायचं हा प्रश्न नाजूक आहे, तो 'तुम्ही खायचात का' असा विचारला तर माणूस मिटला. 'लहानपणी गावात कासवाची अंडी मिळायची का हो?' असं विचारा आणि थांबा, बहुतेक वेळा ते स्वतःच हसत सगळं सांगतात. बोली तशीच ठेवा, 'खंय', 'हयसर' सकट, सबटायटल प्रमाण मराठीत द्या.

आता आशेबद्दल. खोटी नको. हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं असं सर्रास सांगितलं जातं, ते लपवू नका, वाळू जास्त तापली की माद्याच जास्त जन्मतात हेही येऊ दे. अडचण दाखवल्याशिवाय काम मोठं दिसतच नाही. आणि मग २०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली बागेश्री नावाची कासवाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली हे साध्या नकाशावर एक रेघ ओढून दाखवा, अंगावर काटा येतो.

एडिट सहा मिनिटांच्या आत. म्युझिक कमी, उचललेलं गाणं नको, गावातल्या मृदंगवाल्याला विचारून रेकॉर्ड करा आणि नाव द्या. अपलोड करण्याआधी फाइलमधलं लोकेशन काढा, विशेषतः गिधाडांची घरटी किंवा खवले मांजर असेल तर. वेंगुर्ल्याजवळच्या वेंगुर्ला रॉक्स या बेटांवर पाकोळ्यांची घरटी चोरीला जायची, तेव्हा नेमका पत्ता जगाला द्यायचं काही कारण नाही.

आणि पहिला शो फेस्टिव्हलला नाही, गावात करा, नेटवर टाकायच्याही आधी. कोणाला काही खटकलं तर तिथेच कळतं आणि बदलता येतं. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, देवळात पडदा आणि प्रोजेक्टर मिळतो. फक्त आरतीच्या आधी लावा, नंतर लावलीत तर निम्मं गाव प्रसाद घेऊन घरी पोचलेलं असतं.